बाबांच्या मोज्यांसाठी 850 रुपये?

प्रश्न : ताई, माझे बाबा रेल्वेत ट्रॅकमन आहेत. ड्यूटी नागपूरजवळ काटोल बाजूला. निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत. डिसेंबर लागला की त्यांची रात्रीची गस्त सुरू होते, मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंत रुळाच्या कडेने चालायचं. सकाळी घरी येतात तेव्हा पायाची बोटं पांढरी पडलेली असतात आणि बराच वेळ बधिर राहतात. मागच्या वर्षी मी बर्डीच्या बाजारातून 'वूलन' मोज्यांचे चार जोड आणले, शंभर रुपयांना एक. महिन्याभरात चारही जोडांच्या टाचा गेल्या. आता ऑनलाइन मेरिनो मेंढीच्या लोकरीचे मोजे पाहिलेत, 850 रुपयांना जोड. बाबा म्हणतात, "एवढ्यात तं बूट येते." आई म्हणते, दोन मोजे एकावर एक घाला, नाहीतर मी विणून देते. मी एका दुकानात हिशेब लिहिते, तीन जोड घेऊ शकते. पण तेही महिन्यात फाटले तर जिवाला लागेल. घेऊ का?
— अजनीची लेक

उत्तर : घे. तीनच घे. पण ऑर्डर टाकण्याआधी बाबांचा बूट हातात घे.

चारही जोड एकाच जागी फाटले ना, टाचेवर? मग दोष एकट्या मोज्याचा नाही. बुटात हात घाल आणि मागच्या बाजूला, टाचेचं हाड टेकतं तिथे, बोटं फिरव. वर्ष-दीड वर्ष वापरलेल्या सेफ्टी शूजमध्ये तिथलं अस्तर बहुतेक वेळा फाटलेलं असतं. त्याची कड वर आलेली असते, कधी आतला कडक पुठ्ठा किंवा प्लास्टिक उघडं पडलेलं असतं. खडीवर पाय कधी सरळ पडत नाही. प्रत्येक पावलाला टाच किंचित उचलते, सरकते आणि त्या कडेवर घासते. रात्रभरात हजारो वेळा. तिथे मेरिनो घाल नाहीतर रेशीम घाल, दोन्ही जाणार. मोच्याकडे नेऊन आतून मऊ चामड्याचा पातळ तुकडा लावून घे. शिवूनच घे, नुसता चिकटवलेला घामाने सुटतो. बूट अगदीच गेला असेल तर या वर्षी मोज्यांचे पैसे बुटात घाल, मोजे पुढच्या महिन्यात. हे बाबांनाही पटेल, त्यांचंच वाक्य आहे ते.

आणि हो, पायाची नखं. अंगठ्यापाशी भोक पडत असेल तर ते नखामुळे. आठवड्यातून एकदा कापायला लाव.

आता थंडीचं. ज्या वाचकांना ही गस्त माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण मोजे कुठले घ्यायचे ते या कामावर ठरतं. पोलाद थंडीत आखडतं. एक किलोमीटर रूळ मोकळा ठेवला आणि तो 30 अंशांनी थंड झाला तर साधारण 34 सेंटीमीटरने कमी भरेल. पण आता रूळ वेल्डिंगने लांबच्या लांब जोडलेले असतात, त्यांना आखडायला जागा नसते. सगळा ताण आतल्या आत साठतो आणि जिथे वेल्ड कच्चं असेल, बारीक चीर असेल, तिथे ऐन पहाटेच्या गारठ्यात रूळ तुटतो. दुपारी 28 अंश आणि पहाटे 8, ही आपल्याकडच्या कडाक्याच्या दिवसांची तऱ्हा. 29 डिसेंबर 2018 ला तर नागपुरात पारा 3.5 अंशांवर उतरला होता. आपण ज्या वेळी दुसरं ब्लँकेट शोधत असतो, नेमक्या त्याच वेळी या माणसांना टॉर्च, हातबत्ती आणि फटाके घेऊन चालावं लागतं. फटाके म्हणजे दिवाळीचे नव्हेत. रूळ तुटलेला दिसला की ते तुटक्या जागेच्या अलीकडे रुळावर बांधतात, गाडीचं चाक गेलं की मोठा आवाज होतो आणि ड्रायव्हर ब्रेक लावतो.

म्हणजे बाबांना शेकोटीशी बसायची सोय नाही. चालायचं, थांबून रुळाचा जोड बघायचा, पुन्हा चालायचं. गाडी आली की कडेला उभं राहायचं. यातली गोम अशी की चालताना पायाला घाम येतो, थांबलं की तोच घाम गार होतो. त्यात कळमेश्वर सोडलं की पुढे संत्र्याच्या बागा नि शेतं, कडेच्या गवतावर दव. बूट बाहेरून ओला, मोजा आतून ओला. बाबांचे पाय गारठतात ते निम्मे हवेने आणि निम्मे या ओलीने. बधिर पाय खडीवर कुठे पडला ते कळत नाही, घोटा मुरगळतो. त्यामुळे "सकाळी आले की गरम होतात ना" म्हणून सोडून द्यायची ही गोष्ट नाही.

ओल आली की सुती मोजा बाद. कापूस घाम पितो आणि धरून ठेवतो, ओल्या सुती मोज्यात पाय आणखी गारठतो. तू आणलेले शंभराचे मोजे बहुतेक ॲक्रिलिकचे, म्हणजे कृत्रिम धाग्याचे असणार. पुडक्यावर 'वूलन' छापलेलं असलं तरी उलटून बघ, टक्केवारी लिहिलेली नसते. ॲक्रिलिकला मी सरसकट वाईट म्हणणार नाही. कोरडं असेपर्यंत ऊब देतं, लोकर खाणारी कसर लागत नाही, आणि घरी पायात घालून टीव्ही बघायला शंभर रुपयांत आणखी काय पाहिजे? पण ते घाम शोषत नाही. घाम पायाच्या कातडीवरच राहतो. वर त्याचे गोळे होतात, आणि गोळे झाले की तिथला धागा पातळ पडतो.

लोकरीचा धागा आपल्या वजनाच्या तीसएक टक्के ओलावा वाफेच्या रूपात पोटात घेतो, तरी हाताला ओला लागत नाही. शिवाय ओलावा घेताना थोडी उष्णता सोडतो. लोकर जन्मतःच कुरळी असते, त्या कुरळेपणात हवा अडकून बसते आणि खरी ऊब त्या हवेची असते. हे वाक्य लक्षात ठेव, आईच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

मग मेरिनोच का? आपल्या दख्खनी मेंढीची लोकर काय कमी आहे? ऊब द्यायला मुळीच कमी नाही, धनगराची घोंगडी पावसाळा नि हिवाळा दोन्ही काढते. पण ती लोकर जाड नि राठ. घोंगडी कपड्यांवरून पांघरतात, मोजा उघड्या कातडीला लागून आठ तास बुटात दाबलेला असतो. जाड धाग्याची टोकं टोचतात, बाबा पहिल्याच रात्री काढून खिशात घालतील. मेरिनोचा धागा साधारण 24 मायक्रॉनपर्यंतचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून बारीक असतो, तो टोचण्याऐवजी वाकतो. पैसे त्या मऊपणाचे आहेत. ऊब जवळपास तीच.

आणि इथेच बहुतेक लोक फसतात. 850 द्यायचेच तर '100 टक्के मेरिनो' घेऊ, शुद्ध ते चांगलं, असं वाटतं. तूपात ठीक आहे. कामाच्या मोज्यात शुद्ध लोकर घेऊ नकोस. बारीक लोकर घासली की तुटते. टाच आणि पंजा टिकतात ते नायलॉनमुळे. बाबांसाठी असा मोजा बघ ज्यात लोकर 60 ते 70 टक्के, नायलॉन 25 ते 35 आणि उरलेलं दोन-तीन टक्के इलॅस्टिक. ऑनलाइन पानावर ही टक्केवारी दिलेली नसेल, नुसतं 'मेरिनो ब्लेंड' लिहून मेंढीचा फोटो टाकला असेल, तर पुढे जा. 'ब्लेंड'मध्ये पाच टक्के लोकर असली तरी कायद्याने कुणी काही म्हणणार नाही अशा थाटात विकणारे खूप आहेत.

टक्केवारीनंतर बघायची गोष्ट म्हणजे आतली बाजू. मोजा उलटा कर. तळव्याला, टाचेला आणि बोटांपाशी टॉवेलसारखे बारीक फासे असले पाहिजेत. ते दाट आहेत का बघ, ताणून उजेडासमोर धर. टाचेतून उजेड गाळणीसारखा दिसला तर तो मोजा तुझ्या बाबांचा नाही. बोटांवरची शिवण बोटाने चाचपून बघ, जाड गाठ असेल तर तिथे फोड येतो. उंची घोट्याच्या बरीच वर, पोटरीच्या निम्म्यापर्यंत हवी. आखूड मोजा बुटात घसरतो, टाचेखाली गोळा होतो, आणि मग पुन्हा तेच घासणं.

बाजारातून घेणार असशील तर हिवाळ्यात तिबेटी लोकांचे स्वेटरचे स्टॉल लागतात तिथे विचारून बघ. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावाजवळ त्यांची जुनी वसाहत आहे, त्यामुळे विदर्भाला ही मंडळी परकी नाहीत. बराचसा माल लुधियान्याचा असतो, त्यात ॲक्रिलिक जास्त आणि लोकर कमी. पण सरळ विचारलं तर सांगतात. खात्री करायची असेल तर विकत घेतलेल्या मोज्याच्या आतला एखादा सुटा धागा कापून घे, चिमट्यात धर आणि स्टीलच्या ताटलीवर काडी लाव. लोकर हळू जळते, काडी बाजूला केली की विझते, जळक्या केसांचा वास येतो आणि राख चिमटीत भुगा होते. ॲक्रिलिक भराभर पेटतं, वितळतं, काळा धूर होतो आणि मागे टणक काळा मणी उरतो. नायलॉनमिश्रित लोकरीत राखेबरोबर बारीक टणक कण उरतील, त्याने घाबरू नकोस. मात्र हे घरी, सिंकपाशी. दुकानदारासमोर काडी ओढलीस तर मोजा राहील बाजूला.

आता आईचं. दोन मोजे एकावर एक, हा सल्ला घरोघरी आहे, आणि त्यानेच कितीतरी लोकांचे पाय गारठतात. बूट तेवढाच, त्यात दुसरा मोजा कोंबला की दोन्हीतली हवा पिळून निघते. हवा गेली की ऊब गेली. वर पायाचा रक्तपुरवठा आवळला जातो, बोटं पांढरी पडायला ते एक कारण पुरेसं आहे. बाबांना जाड मोजा घालून बुटाची नाडी बांधायला सांग आणि विचार, आत पाचही बोटं हलतात का? हलत नसतील तर पुढच्या वेळी बूट एक नंबर मोठा. बूट सैल असेल तरच आत एक अगदी पातळ मोजा चालतो, तोही सुती नको.

आई विणायचं म्हणतात तर त्यांना नाही म्हणू नकोस. फक्त ते मोजे ड्यूटीसाठी नकोत. हातविणीच्या मोज्याची वीण सैल असते आणि शिवण जाड, बुटात दोन्ही त्रास देतात. घरी आल्यावर, पाय कोरडे करून घालायला मात्र त्यासारखं काही नाही. त्यांना बारीक सुया घ्यायला सांग, 12 नंबरच्या. टाच विणताना सुलट बाजूच्या ओळीत एक टाका न विणता नुसता उचलून घ्यायचा आणि पुढचा सुलट विणायचा, असं एकाआड एक, परतीची ओळ सगळी उलट. त्याने टाचेला मागून धाग्याचा दुहेरी थर मिळतो. लोकरीबरोबर नायलॉनचा बारीक धागा टाचेपुरता जोडून घेतला तर आणखी बरं. ज्यांनी आयुष्यभर स्वेटर विणलेत त्यांना हे सांगायला लागत नाही, पण तरी सांग, त्या तुला चार गोष्टी जास्तीच्या सांगतील.

तीन जोड का, तर एक पायात, एक पिशवीत, एक वाळत. पिशवीतला सगळ्यात महत्त्वाचा. गस्तीच्या मध्यावर जिथे टेकायला मिळतं, गेटच्या केबिनमध्ये किंवा स्टेशनवर, तिथे बूट काढायचा, पाय रुमालाने बोटांच्या बेचक्यांसकट कोरडे करायचे आणि कोरडा जोड चढवायचा. पाच मिनिटांचं काम आहे. बाबा कंटाळा करतील, पहिल्या आठवड्यात फोन करून आठवण दे. महागातला मोजा न बदलता घातला तर त्यापेक्षा साध्यातला बदलून घातलेला बरा, इतकं मला याचं महत्त्व वाटतं.

धुण्यात लोकरीचे मोजे जितके मरतात तितके चालण्यात मरत नाहीत. गरम पाणी आणि चोळणं एकत्र आलं की लोकरीचे खवले एकमेकांत अडकतात आणि मोजा आटून नातवाच्या मापाचा होतो. ब्लीच तर लोकर अक्षरशः विरघळवतं, त्याचा थेंबही नको. आपली नेहमीची पावडरही कडक असते. रिठे भिजवून, कुस्करून, गाळून घेतलेलं पाणी उत्तम, नाहीतर लोकरीचं म्हणून मिळणारं पातळ साबण. मोजा उलटा करायचा, गार पाण्यात दहा मिनिटं ठेवायचा, दाबून मळ काढायचा, पिळायचा नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबला की पाणी निघतं. मग सावलीत आडवा पसरून वाळवायचा. शेगडीवर, हीटरसमोर किंवा फ्रिजच्या मागे नाही. रोज धुवायचीही गरज नाही, लोकरीला घामाचा वास लवकर धरत नाही. ड्यूटीवरून आलं की उलटा करून वाऱ्यावर टाकायचा आणि दोन-तीन वापरांनी धुवायचा. काही मोज्यांवर मशीनमध्ये चालतील असं लिहिलेलं असतं, त्यांच्या लोकरीवर आटू नये म्हणून प्रक्रिया केलेली असते. त्यातही गार पाणी आणि हलकं चक्रच लाव.

टाच पातळ दिसू लागली की भोक पडायची वाट बघू नकोस. घरातला उडालेला जुना बल्ब मोज्यात घाल, टाच त्यावर ताण, आणि लोकरीच्या बारीक धाग्याने उभे-आडवे टाके घाल. गाठ मारायची नाही, गाठ टोचते. मार्चमध्ये स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात डांबराच्या गोळीबरोबर ठेव. कसर घाम लागलेल्या लोकरीवर आधी येते.

आता जे तू मला विचारलं नाहीस ते. बोटं पांढरी पडून बराच वेळ बधिर राहतात, हे वाचून मी थांबले. एकदा डॉक्टरला दाखव. दिवसाही, उन्हाळ्यातही मुंग्या येत असतील तर साखर तपासून घे, मधुमेहात पायाची संवेदना जाते आणि माणूस ते थंडीवर ढकलत राहतो. रेल्वेच्या दवाखान्यात त्यांची तपासणी होते, तिथेच सांगता येईल. तोवर बधिर पाय शेकोटीला लावायचे नाहीत, गरम पाण्याची पिशवीही नको. चटका बसला तरी कळणार नाही. कोमट पाणी, तेही आपल्या हाताने बघून.

आणि बाबा खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, खातात का? रात्रपाळीचा माणूस आणि नागपूर, म्हणून विचारते. जागं राहायला म्हणून तोंडात ठेवतात. तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, पहिला फटका हातापायांच्या बोटांना. ते खात असतील तर 850 चा मोजा एका बाजूने ऊब देणार आणि खर्रा दुसऱ्या बाजूने काढून घेणार. या वयात एकदम सुटणार नाही, मला माहीत आहे, पण गस्तीच्या रात्रीपुरता कमी केला तरी पायाला फरक पडेल.

राहिला पैशाचा हिशेब, तो तर तुझाच प्रांत. मागच्या वर्षी महिन्याला चारशे गेले. गस्तीचा मोसम दोन-अडीच महिन्यांचा धरला तर आठशे ते हजार. तीन जोड 2550 चे. आलटून पालटून वापरले, बूट दुरुस्त असला, तर दोन हिवाळे निघावेत, म्हणजे थेट निवृत्तीपर्यंत. सगळे एकदम घ्यायचा धीर होत नसेल तर आधी एकच जोड मागव, दोन आठवडे वापरू दे, टाच उजेडासमोर धरून बघ आणि मग उरलेले दोन.

मोजे हातात देण्याआधी किमतीचं लेबल काढून टाक. नाहीतर आपल्याकडची ही पिढी चांगली वस्तू कपाटात ठेवते, "लग्नाकार्यात घालीन" म्हणून, आणि ड्यूटीवर जुनेच जातात. जुने चारही जोड त्यांच्यासमोर नको, ते झोपलेले असताना फडक्यांच्या डब्यात टाक. किंमत विचारलीच तर सेल होता म्हण.